बालवाडीत रंग-कागद-कात्री : कोणतं आधी, कोणतं नंतर

विदर्भात शाळा उन्हामुळे उशिरा, जून संपता संपता उघडतात. नर्सरीत नवी मुलं येतात आणि पहिल्याच आठवड्यात पालकांनी पाठवलेलं सगळं साहित्य एकदम टेबलावर येतं: बारा रंगांचे डबे, फेविकॉल, कात्र्या, वॉटर कलर. दहा मिनिटांत निम्मे क्रेयॉन जमिनीवर, दोन तोंडात, एक नाकाच्या वाटेवर. मग ताई सगळं उचलून कपाटाला कुलूप लावतात आणि पुढचे सहा महिने छापील आंबा नि छापील छत्री रंगवण्यात जातात. कारण काय, तर "आमची मुलं फार सांडवतात."

मुलं सांडवतात हे खरंच आहे. पण सांडायचं कमी कसं करायचं, हे त्यांना कोणी दाखवलेलंच नसतं. एका वेळी एकच वस्तू द्यायची. ती देण्याआधी ती कुठे राहते, कशी उचलायची आणि परत कशी ठेवायची हे करून दाखवायचं. पुढचे सगळे टप्पे याच नियमावर उभे आहेत. ३ ते ५ वर्षांच्या वर्गाला ते लागू पडतात, मग ती अंगणवाडी असो की खासगी नर्सरी.

तयारी : खरेदीच्या आधी

प्रत्येक मुलामागे एक डबा मागवू नका. चोवीस मुलांच्या वर्गाला चोवीस डबे लागत नाहीत, एका टेबलापुरतं साहित्य पुरतं. एका वेळी सहाच मुलं बसणार, म्हणजे सहा ट्रे, सहा जाड ब्रश, तीन रंगांचे जाड क्रेयॉन आणि सहा कात्र्या. पालकांच्या यादीत डब्यांऐवजी वडिलांचा जुना सुती शर्ट, चार स्वच्छ फडकी आणि जुन्या लग्नपत्रिका लिहा. शर्ट उलटा घालून मागे बटण लावलं की उत्तम अॅप्रन होतो, फक्त बाह्या मनगटाच्या वर कापा.

कागद विकत घ्यायची घाई नको. छपाईच्या प्रेसमध्ये कापून उरलेल्या पट्ट्या आणि तुकडे पडून असतात, विचारलं तर मिळतात. ऑफिसांतले एका बाजूने कोरे कागदही चालतात. मात्र सुरुवातीला कागद मोठा हवा, निदान ए-थ्री आकाराचा. तीन वर्षांचं मूल बोटांनी नाही, खांद्यापासून हात हलवून रेघ ओढतं. वहीच्या पानावर त्याचा हात सारखा बाहेर जाणार आणि आपण सारखे "बाहेर जाऊ नको" म्हणत बसणार.

नागपुरात घाऊक घ्यायचं तर इतवारीचा बाजार, दोन-चार नग हवे असतील तर सीताबर्डी. ब्रश घेताना दांडा आखूड, केस दाट नि जाड. पातळ ब्रश स्वस्त पडतो, पण पहिल्या आठवड्यातच त्याचा झाडू होतो.

हे वर्गात आणूच नका : ऑइल पेंट, थिनर, स्प्रे, मूर्ती रंगवायचे रंग, शेंदूर, गुलाल. रांगोळीची पूडही नको. ती बारीक असते, उडते आणि श्वासात जाते. चमकी डोळ्यात जाते. मणी, बटणं, थर्माकोलचे दाणे यांच्यासाठी एक सोपी कसोटी आहे. पुठ्ठ्याची सव्वातीन सेंटीमीटर रुंद, पाच सेंटीमीटर उंच नळी करा. जी वस्तू त्या नळीत पूर्ण मावते ती लहानांच्या हातात नको, घशात अडकू शकते.

पालकांना आधीच विचारा : गव्हाची किंवा कुठल्या रंगाची अॅलर्जी आहे का? हाताला इसब, जखम आहे का? मिठाच्या कणकेने जखम चांगलीच चरचरते.

तयारी : खोली आणि गट

रंगाचं टेबल नळाजवळच्या कोपऱ्यात लावा, दारात नको. खाली अंथरायला जुना फ्लेक्सचा बॅनर घ्या, कोरी बाजू वर. नागपुरात चौकाचौकात तो लागलेला असतो, उतरवल्यावर मागून घ्या. ओला फ्लेक्स घसरडा होतो, म्हणून चारही कडा चिकटवा आणि जवळ कोरडं पोतेरं ठेवा. टेबल नसेल तर पाट किंवा चौरंग. मूल बसल्यावर त्याचे पाय जमिनीला टेकले पाहिजेत आणि कोपर आरामात पृष्ठभागावर यायला हवं. लटकत्या पायांनी बसलेलं मूल हातावर जोर देऊच शकत नाही.

उन्हाळ्यात कूलरचा झोत टेबलाकडे नको, नाहीतर कागद उडतात नि मुलं कागदामागे.

सहा मुलं ताईंजवळ, बाकीची मदतनीसताईंकडे ठोकळे किंवा चित्रांची पुस्तकं अशा ओळखीच्या कामात. नवीन वस्तूच्या दिवशी बाकीच्यांना दुसरं काही नवीन देऊ नका. प्रत्येक गटाला दहा-बारा मिनिटं पुरतात. चोवीस मुलं एकाच दिवशी झालीच पाहिजेत असा हट्ट नको, दोन दिवस लागू द्या.

तपासा : मदतनीसताईंना आज नेमकं काय चालणार हे माहीत आहे ना? नसेल, तर तुम्ही "पूस" म्हणत असताना त्या मागून येऊन स्वतःच पुसून जातील, आणि मूल तेच शिकेल.

टप्पा १ : रिकामा ट्रे

पहिले दोन-तीन दिवस साहित्य नाहीच, फक्त ट्रे. कपाटाच्या खालच्या फळीवर ट्रेची जागा कागदी पट्टीने आखा. पुढे क्रेयॉनची परडी, ब्रशचा डबा यांच्याही बाह्यरेषा तिथेच आखायच्या आहेत. वाचता न येणाऱ्या मुलाला ती रेघच सांगते की कुठली वस्तू कुठली.

करून दाखवताना तोंड बंद ठेवा. दोन्ही हातांनी ट्रे उचला, पोटाजवळ धरा, हळू चाला, टेबलावर आवाज न करता ठेवा. मग परत नेऊन रेघेत बसवा. बोललात की मूल तुमच्या तोंडाकडे बघतं, हाताकडे नाही. त्यानंतर एकेकाला करू द्या.

हा टप्पा वगळण्याचा मोह सगळ्यांनाच होतो, कारण यात "चित्रकला" काहीच दिसत नाही. पण पुढे रंगाची वाटी ट्रेमध्ये असेल तेव्हा हेच कामी येतं.

टप्पा २ : ब्रश आणि नुसतं पाणी

पाटी, जाड ब्रश, थोडंसं पाणी. अंगण असेल तर फरशी किंवा भिंत. ओली रेघ उमटते, वाळून जाते, पुन्हा काढता येते. कपडे खराब होत नाहीत आणि चुकलं असं काही उरतच नाही.

इथे शिकवायचे शब्द तीनच : बुडव, पूस, फिरव. ब्रश अर्ध्या केसांपर्यंत बुडव, वाटीच्या काठाला एकदा पूस, मग पाटीवर फिरव. "पूस" हा मधला भाग मुलं हमखास गाळतात, आणि रंगाचे ओघळ येतात ते त्यामुळेच. पाण्याचे ओघळ परवडतात, म्हणून ती सवय इथेच लावायची.

ब्रश पाटीवर दाबून गोल चोळणाऱ्या मुलाचा हात धरू नका. शेजारी बसून आपल्या पाटीवर ब्रश ओढत न्या. केस मागे वळतात, ब्रश पुढे जातो. दोन-चार वेळा बघितलं की बहुतेक मुलं ढकलणं सोडून ओढायला लागतात.

पुढे कधी जायचं : गटातली बहुतेक मुलं न सांगता काठाला ब्रश पुसू लागली की.

टप्पा ३ : क्रेयॉन, आधी एकच

पहिल्या दिवशी प्रत्येकाला एकच जाड क्रेयॉन, सगळ्यांना एकाच गडद रंगाचा. निळा किंवा काळा चांगला, पिवळा कागदावर दिसतच नाही. "ताई, मले लाल पायजे" सुरू होणारच. उत्तर एकच ठेवा : "आज निळा, सोमवारी लाल." आणि सोमवारी लाल द्याच.

कागदाचे चारही कोपरे कागदी चिकटपट्टीने टेबलाला चिकटवा. एका हाताने कागद धरून दुसऱ्याने रेघ ओढणं हे वेगळं कौशल्य आहे, ते पुढे येईल.

मुठीत क्रेयॉन धरला म्हणून बोटं वळवायला जाऊ नका. तीन वर्षांच्या मुलाची ती साधी पकड आहे. चार वर्षांपुढची, तोंडात काही न घालणारी मुलं असतील तर क्रेयॉनचे दोन-तीन सेंटीमीटरचे तुकडे द्या. तुकडा मुठीत धरता येत नाही, आपोआप तीन बोटांत येतो. त्याहून लहानांना मात्र तुकडे नकोत, ते वरच्या नळीच्या कसोटीत नापास होतात. तुटलेल्या क्रेयॉनवरून रागावण्यातही अर्थ नाही.

डावखुऱ्या मुलाला डाव्यानेच काढू द्या. आजी सांगून गेल्या असतील "उजव्यानं शिकवा", तरीही.

नेहमीची चूक : छापील चित्र भरायला देणं. त्यात मुलाला एकच गोष्ट कळते, ती म्हणजे आपण रेषेबाहेर गेलो. दुसरी चूक, फळ्यावर घर काढून "असं काढा" म्हणणं. त्या दिवसापासून निम्मी मुलं म्हणू लागतात, "मले नाही येत, तुम्हीच काढून द्या."

"हे काय काढलंस?" हा प्रश्नही टाळा. बऱ्याचदा त्याने काहीच "काढलेलं" नसतं, नुसता हात फिरवलेला असतो. जे दिसतं ते बोला : "ही रेघ पार वरच्या कोपऱ्यापर्यंत गेली", "इथे खूप जोर दिलास." मग सांगायचं असेल तर ते आपण होऊन सांगतं. नाव आणि तारीख मागच्या बाजूला, पेन्सिलीने.

टप्पा ४ : कणीक आणि माती

क्रेयॉननंतर मध्येच हा टप्पा का, असं काहींना वाटेल. बोटांत जोर यायला. खळ पसरवायला आणि कात्री चालवायला तो लागणार आहे.

शिजवलेली कणीक जास्त टिकते. दोन वाट्या मैदा, एक वाटी मीठ, दोन वाट्या पाणी, दोन मोठे चमचे तेल आणि एका लिंबाचा रस. सगळं एकत्र करून मंद आचेवर गोळा होईपर्यंत हलवा, गार झाल्यावर मळा. गोळा घट्ट डब्यात, फ्रीज असेल तर फ्रीजमध्ये. उन्हाळ्यात तासाभरात तडे पडतात, तेव्हा ओल्या हाताने मळा. पावसाळ्यात मीठ ओल धरतं नि गोळा चिकट होतो, तेव्हा थोडा कोरडा मैदा लावा. वास बदलला किंवा ठिपका दिसला की सरळ फेका.

मिठामुळे मुलं एकदा चाटून सोडून देतात. पण एखादं मूल खातच राहिलं तर गोळा काढून घ्या. इतकं मीठ पोटात जाणं बरं नाही.

पहिले काही दिवस साचे, लाटणं काही नको, फक्त हात. दाबणं, चिमटणं, लांब वळी करणं. बोथट प्लास्टिकच्या सुरीने ती वळी कापली की कात्रीची अर्धी तयारी तिथेच होते.

माती हवी असेल तर नागपुरात महाल भागातल्या चितारओळीत मूर्तिकारांकडे मिळते, पण जुलैतच आणून ठेवा. गणपती जवळ आले की त्यांना बोलायलाही सवड नसते. रंग किंवा दुसरं काही न मिसळलेली माती मागा, घरी आणून खडे, काचेचा तुकडा, काडी काढण्यासाठी एकदा स्वतः मळून घ्या, आणि ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवा. मुलांच्या हाताला काही कापलेलं असेल तर त्या दिवशी माती नाही.

तान्ह्या पोळ्याच्या (मुलांचा, लाकडी बैलांचा पोळा) आठवड्यात सगळ्यांकडून एकसारखे बैल करून घ्यायची हौस अनेक शाळांना येते. शेवटी ते बैल ताईच रात्री बसून नीट करतात! लाकडी बैल टेबलावर ठेवा, मुलांना हात लावून बघू द्या आणि माती त्यांच्यावर सोडा. चार पायांचा गोळा झाला तर झाला.

टप्पा ५ : फाडणं आणि खळ

आधी फाडणं. वर्तमानपत्राच्या कागदाला सरळ फाटायची एक दिशा असते, दुसरीकडून तो वाकडा जातो. हे मुलांना स्वतःला सापडू द्या. दोन्ही हातांचे अंगठे आणि तर्जनी एकमेकांजवळ, एक हात आपल्याकडे, दुसरा पलीकडे. काही मुलं कागद ओढतात, फाडत नाहीत. त्यांना आपण अर्धा इंच चीर देऊन द्यायची.

खळ घरीच करा. एक वाटी मैदा थोड्या गार पाण्यात गुठळी न होऊ देता कालवायचा, तीन-चार वाट्या उकळत्या पाण्यात ओतून पारदर्शक होईपर्यंत ढवळायचा. रोज लागेल तेवढीच करा. मार्चनंतर सकाळची खळ संध्याकाळी आंबते.

प्रत्येक ट्रेमध्ये चमचाभर खळ, एक ओलं फडकं, चार फाडलेले तुकडे, एक कागद. मुलाला सांगायचं : एका बोटाने, तुकड्याच्या पाठीवर, ठिपका. मग उलटा, दाब, बोट फडक्याला पूस. मुलं खळ कागदावर ओततात आणि वर तुकडा ठेवतात. त्यांना थांबवायला चमचाभरच दिलेली खळ पुरेशी आहे.

फेविकॉल नंतर कधीतरी. बाटली दाबण्यातच मुलाला इतकी मजा येते की चिकटवणं बाजूला राहतं.

टप्पा ६ : ओला रंग

ब्रश ओळखीचा झाला आहे, "पूस" माहीत आहे, ट्रे उचलता येतो. आता रंग. इथे गडबड केली तर आधीचे सगळे टप्पे पाण्यात जातात, म्हणून आदल्या दिवशीच पालकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाका : "उद्या रंग आहे, जुने कपडे घालून पाठवा." तरी एखादी आई विचारेलच, "काहून मॅडम, नवीन फ्रॉक खराब झाला ना!" निदान तुमच्याकडे मेसेज असेल.

अ) रंग कसा कालवायचा. पाण्याने धुऊन निघणारा, लहान मुलांसाठी असल्याचं लेबलवर लिहिलेला रंगच घ्या. तो कढीइतका दाट ठेवा. पातळ रंग ओघळतो, मग मूल कागद उभा धरतं आणि ओघळच खेळायला लागतं. एप्रिलमध्ये रंग वाटीतच सुकतो, अर्ध्या तासाने थोडं पाणी घाला.

आ) वाटी कशी बसवायची. आंघोळीच्या जाड स्पंजला मधोमध भोक पाडून त्यात छोटी बरणी बसवा. ती लवंडत नाही आणि सांडलेला रंग स्पंज पितो. बरणीत दोन बोटं उंचीपर्यंतच रंग.

इ) किती रंग. पहिला आठवडा एक. दुसऱ्या आठवड्यात दोन, पिवळा आणि लाल. प्रत्येक रंगाला त्याचा ब्रश. दोन रंग कागदावर मिसळून केशरी झाला की मुलं तुम्हाला हाका मारतील. तिसरा रंग निळा, पण आत्ताच नको. तिन्ही एकदम दिले की दहा मिनिटांत सगळ्यांचं चित्र मातकट होतं, आणि मुलांनाही ते आवडत नाही.

ई) धुणं. खरा गोंधळ रंगवताना होत नाही, नळावर होतो. सहा मुलं रंगलेले हात वर धरून एकदम निघाली की भिंत, दार, दुसऱ्याची वेणी, काहीही सुटत नाही. म्हणून टेबलाजवळच दोन टब ठेवा, एकात साबणाचं पाणी, दुसऱ्यात साधं. उठायच्या आधी हात फडक्याला पुसायचे, मग एकेकाने टबकडे. शेवटी ब्रश धुऊन केस वर करून डब्यात. उलटे ठेवलेले ब्रश केसांतून मोडतात. टबातलं पाणी काम संपताच ओता, टबभर पाण्याजवळ लहान मूल एकटं सोडायचं नाही.

चित्रं दोरीला कपड्यांच्या चिमट्यांनी लावा. ऑगस्टमध्ये ती दुसऱ्या दिवसापर्यंत ओली राहतात, एकावर एक ठेवली तर सगळी चिकटली समजा.

तपासा : शेवटचं मूल उठल्यावर टेबल कोण पुसतंय? तुम्ही पुसत असाल तर थांबा. फडकं मुलांच्या हातात द्या, वाईट पुसलं तरी. मुलं घरी गेल्यावर तुम्ही पुन्हा पुसा.

टप्पा ७ : कात्री, सगळ्यात शेवटी

दिवाळीआधी घाई नको. मूल कणकेची वळी कापतंय, कागद फाडतंय, हे दिसलं की मगच.

गोल टोकाची, साधारण १२-१३ सेंटीमीटरची, कागद खरोखर कापणारी कात्री हवी. पूर्ण प्लास्टिकची कात्री कागद चावते, कापत नाही. मूल जोर लावतं, वाकडं धरतं, चिडतं. बोथट कात्री सुरक्षित असते हा गैरसमज आहे. डावखुऱ्या मुलासाठी एखादी डाव्या हाताची कात्री शोधून ठेवा. उजव्या हाताची कात्री डाव्याने धरली की पाती एकमेकांपासून दूर जातात नि कागद मध्ये दुमडतो. चूक मुलाची नसते.

आता ते शर्टांबरोबर मागवलेलं लग्नपत्रिकांचं गाठोडं काढा. जाड कागद वाकत नाही म्हणून शिकायला सोपा. त्याच्या बोटभर रुंदीच्या पट्ट्या कापून ठेवा, एका मिटण्यात आरपार कापल्या जातील अशा.

१. मूल बसलेलं हवं. उभ्याने कात्री नाही.
२. अंगठा वरच्या भोकात, वर तोंड करून. अंगठ्याच्या नखावर पेनाने छोटा डोळा काढा आणि सांगा, "डोळा आपल्याकडे बघतोय ना?" हात उलटा फिरला की डोळा दिसेनासा होतो आणि मूल स्वतःच हात वळवतं.
३. "उघड, मिट." एक काप, एक तुकडा, वाटीत.
४. पहिले काही दिवस पट्टी तुम्ही ताणून धरा. मग ती मुलाच्या दुसऱ्या हातात.
५. सरळ रेघ त्यानंतर. वळणदार रेघ पुढच्या वर्षी.

कात्री नेताना पाती मिटून मुठीत, टोक खाली. देताना भोकांची बाजू पुढे. हे आधी स्वतः पाळा. ताईंनी टोक पुढे करून कात्री दिली तर पोरं तसंच देणार.

इशारा : कात्र्या मोजून द्या, मोजून घ्या. सहापैकी पाच परत आल्या तर सहावी मिळेपर्यंत गट उठत नाही. केस आणि फ्रॉकची किनार कापण्याचे प्रसंग बहुतेक याच मधल्या दोन मिनिटांत घडतात.

टप्पा ८ : कपाट उघडं

सगळ्या वस्तूंची ओळख झाली की खालच्या दोन फळ्या मुलांसाठी खुल्या. पण एका वेळी फळीवर चार-पाचच गोष्टी ठेवा : क्रेयॉन, कागद, फाडायचे तुकडे, कणकेचा डबा. रंग आणि कात्री ताई जवळ असतानाच. एखादी वस्तू सतत फेकली जात असेल तर शिक्षा म्हणून नव्हे, पण सरळ आठवडाभर काढून घ्या आणि पुन्हा टप्पा १ सारखी करून दाखवून ठेवा.

वर्षाच्या मध्यावर आलेल्या मुलाला थेट या कपाटाशी सोडू नका. त्याचा प्रवास पाण्याच्या ब्रशपासूनच. जुन्या मुलांपैकी एखादं त्याला ट्रे कसा धरायचा ते दाखवू शकतं, बऱ्याचदा ताईंपेक्षा नीट.

सुट्टीआधीची आवराआवर वेगळी. मे महिन्यात पत्र्याच्या छताखालच्या बंद खोलीत क्रेयॉन मऊ पडून एकमेकांना चिकटतात. त्यांना स्टीलच्या डब्यात, रंगांनुसार वेगळे करून, सगळ्यात खालच्या फळीवर ठेवा किंवा घरी न्या. उरलेली कणीक नि खळ टाकून द्या. ओल्या रंगांच्या बाटल्यांची झाकणं घट्ट करून वर प्लास्टिक बांधा. ब्रश पूर्ण वाळल्याशिवाय डब्यात नकोत. मातीचा गोळा सुकला तर सुकू द्या. जूनमध्ये फोडून पाण्यात भिजत घातला की दोन दिवसांत पुन्हा मळता येतो.